मायनर कॉर्डचा खालचा स्वर आणि वरचा स्वर : सोलापुरातील एका गिटार वर्गाविषयी

माझ्या शाळेतील संगीताच्या शिक्षिका भावगीते उत्तम गातात आणि त्यांच्या साथीला मी हौसेने गिटार घेऊन बसते. गेल्या दिवाळीनंतर एका घरगुती कार्यक्रमात त्या तार सप्तकातील कोमल गंधारावर ठहराव घेऊन थांबल्या आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या गिटारमधून असा काही स्वर निघाला की त्यांनी गाता गाता माझ्याकडे वळून पाहिले. कॉर्डचे नाव बरोबर होते, बोटे योग्य जागी होती, गिटारही सुरात होती. त्यांची पट्टी पांढरी सहा, म्हणजे गिटारच्या भाषेत त्यांचा षड्ज ए. आणि मी वाजवलेली कॉर्ड होती ए मायनर नाइन्थ. पुस्तकाच्या हिशेबाने यात चूक काहीच नव्हती. ती का खटकली याचे उत्तर मला पंधरा वर्षांच्या वादनानंतरही देता येईना, म्हणून मी नवी पेठेतील एका वर्गात बारा शनिवारांसाठी नाव घातले. त्या वर्गाविषयी, आणि तिथे जे शिकवले जाते त्याविषयी, हा अभिप्राय आहे.

वर्गाला पाटी नाही. शिक्षकांनी आपले नाव कुठे छापू नये अशी विनंती केली असल्यामुळे मी त्यांचा उल्लेख केवळ सर असा करणार आहे. एकेकाळी ते ऑर्केस्ट्रात वाजवत असत आणि विजापूर, लातूर, गुलबर्गा अशा फेऱ्या करत असत. आता ते कपड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरील खोलीत आठवड्यातून तीन दिवस शिकवतात. शनिवारची तुकडी केवळ जुन्या वादकांसाठी असते, तिचा विषय ‘मायनर कॉर्डचे विस्तार आणि इन्व्हर्जन’ (कॉर्डच्या मूळ, म्हणजे नावाच्या, स्वराऐवजी तिचा दुसरा एखादा स्वर सर्वांत खाली येणे म्हणजे इन्व्हर्जन) असा ठरलेला असतो आणि तिच्यात सहापेक्षा अधिक लोक घेतले जात नाहीत. दीड तासाचे बारा वर्ग आणि एकरकमी ३,६०० रुपये शुल्क, असा हिशेब आहे. गिटार आपली आपण न्यायची. वाहन लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे जुळे सोलापुरातून येताना मी दुचाकी पार्क चौकाकडेच ठेवून चालत जात असे. एवढे सांगितल्यावर व्यवस्थेविषयी फारसे काही उरत नाही, म्हणून मुख्य विषयाकडे वळते.

पहिल्या दिवशी सरांनी कोणालाही गिटार उघडू दिली नाही. ज्यांनी लहानपणी पेटी शिकली आहे त्यांना पटकन समजेल अशा रीतीने त्यांनी फळ्यावर स्वर मांडले. षड्ज, कोमल गंधार आणि पंचम एकत्र वाजले की मायनर कॉर्ड होते. ए मायनरमध्ये हे स्वर ए, सी आणि ई. याच क्रमाने एक स्वर सोडून पुढचा घेत गेले, तर वर कोमल निषाद म्हणजे जी येतो आणि मायनर सेव्हन्थ तयार होते. त्याच्यावर वरच्या सप्तकातील रिषभ, म्हणजे बी, ठेवला की नाइन्थ, मध्यम म्हणजे डी ठेवला की इलेव्हन्थ आणि शुद्ध धैवत म्हणजे एफ शार्प ठेवला की थर्टीन्थ. अशा रीतीने सातही स्वर एकाच कॉर्डमध्ये येऊन बसतात आणि ते सात स्वर मोजून पाहिले तर तो चक्क काफी थाट असतो. पाश्चात्त्य पद्धतीत यालाच डोरियन म्हणतात, हे मी कुठेतरी वाचले होते. पण एक कॉर्ड म्हणजे उभा रचलेला थाट, ही गोष्ट माझ्या डोक्यात त्या दिवशी प्रथमच नीट शिरली. धैवत कोमल घेतला तर काफीऐवजी आसावरी थाट होतो, हेही त्यांनी जाता जाता सांगितले आणि त्याचा कॉर्डवर काय परिणाम होतो ते शेवटच्या वर्गात पाहू असे म्हणाले. त्या शेवटच्या वर्गाविषयी माझी तक्रार आहे, ती पुढे येईलच.

सात स्वर, सहा तारा आणि दाबायला चार बोटे. या अडचणीतूनच गिटारवरील सगळी गुंतागुंत सुरू होते आणि वर्गाचा खरा कस इथेच लागतो. पेटीवर ए मायनर सेव्हन्थचे पहिले इन्व्हर्जन वाजवणे अगदी सोपे आहे : खालून वर सी, ई, जी, ए, चारही पट्ट्या एका हाताच्या टप्प्यात असतात. हेच चार स्वर गिटारच्या चार बारीक तारांवर त्याच क्रमाने मांडायला गेले, तर चौथ्या तारेवर दहावा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरील घर; एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर), तिसरीवर नववा, दुसरीवर आठवा आणि पहिलीवर पाचवा फ्रेट दाबावा लागतो. सरांनी आम्हाला हे करून पाहायला सांगितले. बँकेत नोकरी करणाऱ्या एका उंच गृहस्थांखेरीज कोणालाही ते जमले नाही, आणि त्यांनाही दुसऱ्या प्रयत्नात जमले नाही. मग सरांनी चार स्वरांपैकी वरून दुसरा असलेला जी उचलला आणि एक सप्तक खाली आणून ठेवला. आता क्रम झाला जी, सी, ई, ए, आणि गिटारवर तो येतो पाचव्या फ्रेटवर आडवे बोट टाकून. चारही तारा पाचव्या फ्रेटवर. जे हाताला अशक्य होते ते एका बोटाचे काम झाले. या युक्तीला ड्रॉप टू म्हणतात. अनेक संकेतस्थळांवर तिची व्याख्या मिळते, पण आधी अशक्य शेप, म्हणजे बोटांची मांडणी, दाबायला लावून मग ती सांगण्यात जी गंमत आहे, ती मला तरी दुसरीकडे मिळाली नव्हती.

पुढील मजकुरात शेपचे आकडे मी चौथ्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत, म्हणजे जाडीकडून बारीककडे, लिहीत आहे. ए मायनर सेव्हन्थचे चार ड्रॉप टू शेप पुढीलप्रमाणे येतात : २-२-१-३, ज्यात सर्वांत खाली ई आणि सर्वांत वर जी असतो, ५-५-५-५, ज्यात खाली जी आणि वर ए, ७-९-८-८, ज्यात खाली ए आणि वर सी, आणि १०-१२-१०-१२, ज्यात खाली सी आणि वर ई. हे चार शेप पाठ करून दाखवणे हे बहुतेक वर्गांचे अंतिम ध्येय असते. या वर्गात मात्र चार शेपसाठी तीन शनिवार खर्च झाले, कारण प्रत्येक शेपमध्ये कोणत्या तारेवर कोणता स्वर आहे हे न पाहता, मोठ्याने, म्हणून दाखवल्याशिवाय सर पुढे जात नसत. प्रथम मला ही पद्धत शाळकरी वाटली आणि दुसऱ्या शनिवारी मी घरी येऊन तसे बोलूनही दाखवले. चौथ्या शनिवारी तिचे कारण समजले. षड्ज कोणत्या तारेवर आहे हे ठाऊक असेल, तर तो स्वर दोन फ्रेट वर सरकवला की रिषभ मिळतो आणि सेव्हन्थची नाइन्थ होते. पंचम कुठे आहे हे ठाऊक असेल, तर तो दोन फ्रेट खाली आणला की मध्यम मिळतो आणि इलेव्हन्थ होते. म्हणजे विस्तारित कॉर्डसाठी नवे शेप पाठ करावे लागतच नाहीत. जुन्या शेपमधील एक बोट हलवावे लागते. मात्र कोणते बोट हलवायचे हे ज्याला माहीत नाही, त्याच्या दृष्टीने प्रत्येक कॉर्ड हा एक नवा आकडा असतो, आणि मी पंधरा वर्षे असे आकडेच गोळा करत आले होते.

षड्ज काढून टाकला तर ती ए मायनर कशी राहील, असा प्रश्न त्या दिवशी आमच्यापैकी तिघांनी एकाच वेळी विचारला. सरांचे उत्तर असे की गिटारवर स्वर सोडावेच लागतात, त्यामुळे कोणता सोडायचा याचा क्रम ठरवून घ्यावा : पंचम सर्वांत आधी जाऊ शकतो, कारण त्याच्या असण्याने कॉर्डचा स्वभाव बदलत नाही, त्यानंतर षड्ज, जर तो दुसरे कोणी वाजवत असेल तर, कोमल गंधार आणि कोमल निषाद मात्र शक्यतो जाऊ द्यायचे नाहीत, कारण मायनर हे गंधार सांगतो आणि सेव्हन्थ हे निषाद सांगतो. ‘दुसरे कोणी वाजवत असेल तर’ या अटीवर त्यांनी त्या दिवशी फारसा भर दिला नाही. माझ्या मते तो द्यायला हवा होता.

नाइन्थचे चार शेप हा या संपूर्ण वर्गातील सर्वांत समृद्ध भाग म्हणावा लागेल. वरच्या चार शेपमधील ए दोन फ्रेट वर नेला की अनुक्रमे २-४-१-३, ५-५-५-७, ९-९-८-८ आणि १०-१२-१२-१२ असे शेप मिळतात. चौघांत स्वर तेच आहेत, बी, सी, ई आणि जी, आणि त्या चार स्वरांना सुटे पाहिले तर ती सी मेजर सेव्हन्थ असते. परंतु हे चार शेप एकामागून एक वाजवले, तर तीन ऐकावेसे वाटतात आणि एक कानाला टोचतो. टोचणारा शेप म्हणजे ९-९-८-८. त्याचे कारण सरांनी असे दाखवले की या शेपमध्ये बी सर्वांत खाली आणि सी सर्वांत वर आहे. दोघांमध्ये एक सप्तक आणि अर्धा स्वर एवढे अंतर पडते आणि हे अंतर सर्वसाधारणपणे कर्कश मानले जाते. हेच दोन स्वर ५-५-५-७ आणि १०-१२-१२-१२ मध्ये उलट्या क्रमाने येतात, सी खाली आणि बी वर. आणि तिथे ते गोड लागतात. २-४-१-३ मध्ये तर ते शेजारी शेजारी, केवळ अर्ध्या स्वराच्या अंतरावर असतात, तरीही तिथे कर्कशपणा न येता एक प्रकारची झिणझिण येते, जशी तंबोऱ्याच्या जवारीत असते. (ही उपमा माझी आहे, सर उपमा देत नाहीत.) स्वर तेच, फक्त त्यांची बसण्याची जागा वेगळी, आणि एवढ्यावर परिणाम इतका पालटतो, हे कानाने पटल्यावर इन्व्हर्जन या शब्दाचा अर्थ मला वेगळ्या रीतीने समजू लागला.

२-४-१-३ हा शेप हाताला अवघड आहे. पहिले बोट दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी तिसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर, अशी कसरत करावी लागते. आमच्या तुकडीत पूर्व भागातून येणारी एक महाविद्यालयीन मुलगी होती, ती हा शेप बसवताना तोंडाने ‘रेंडू, नालुगू, ओकटी, मूडू’, म्हणजे तेलुगूत दोन, चार, एक, तीन, असे म्हणत असे. दोन-तीन आठवड्यांत मराठी बोलणाऱ्या आम्हा सर्वांच्या तोंडी तेच बसले आणि अजूनही मी त्या कॉर्डला मनातल्या मनात त्याच नावाने ओळखते. या शेपचे बक्षीस असे की त्याच्या खाली पाचवी तार मोकळी वाजवता येते. ती तार म्हणजे ए. मग ए, ई, बी, सी, जी असे पाचही स्वर एकत्र मिळतात आणि ए मायनर नाइन्थ काहीही न गाळता, पूर्ण, गिटारवर उभी राहते.

माझ्या त्या फसलेल्या साथीचे उत्तर सहाव्या शनिवारी मिळाले. मी त्या दिवशी ५-५-५-७ वाजवली होती. तिच्यातील सर्वांत वरचा स्वर बी, आणि बाई थांबल्या होत्या त्याच्या लगेच वरच्या सीवर. कॉर्डच्या आत बी आणि सी एकमेकांना सांभाळून घेतात, पण गायकाचा ठहराव आणि गिटारचा सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत ठळक ऐकू येणारा स्वर अर्ध्या स्वराने भिडले की श्रोत्याला कोणीतरी बेसूर झाल्यासारखे वाटते. सरांचा सल्ला साधा होता : चाल कोणत्या स्वरावर थांबते ते पाहा आणि ज्या शेपमध्ये तोच स्वर वर आहे, किंवा निदान त्याच्याशी भांडणारा स्वर वर नाही, तो शेप निवडा. कोमल गंधारावर ठहराव असेल तर ७-९-८-८, कारण तिथे सी वर आहे. पंचमावर असेल तर १०-१२-१०-१२. षड्जावर असेल तर एका बोटाची ५-५-५-५. यासाठी त्यांनी आमच्याकडून अक्षरशः शंभरेक ओळी गाऊन घेतल्या. साथ करणाऱ्या वादकाला वर्गातील एवढा एकच भाग मिळाला तरी शुल्क वसूल झाले असे मी म्हणेन.

दहावा शनिवार हा माझ्या मते सर्वोत्तम होता. ए मायनर नाइन्थ, डी थर्टीन्थ आणि जी मेजर नाइन्थ या तीन कॉर्डची मालिका सरांनी ५-५-५-७, ४-५-५-७ आणि ४-४-३-५ अशी मांडली. पहिलीतून दुसरीत जाताना केवळ एकच स्वर हलतो, जी अर्धा स्वर उतरून एफ शार्प होतो. दुसरीतून तिसरीत जाताना तो एफ शार्प जागेवर राहतो आणि बाकीचे तिघे एकेक पायरी खाली सरकतात. हात जवळजवळ हलत नाही, तरी कॉर्ड तीनदा बदललेली ऐकू येते. या तिन्ही शेपमध्ये मूळ स्वर नाही, म्हणून सरांनी स्वतः दुसरी गिटार घेतली आणि जाड तारांवर ए, डी, जी असे वाजवत राहिले. त्याबरोबर आमच्या सहा गिटारींचा आवाज एकदम जमिनीवर आल्यासारखा झाला.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार सुरू होते. नऊ आठवडे आम्ही मूळ स्वर नसलेले शेप वाजवत होतो आणि त्या खोलीत खालचा स्वर देणारे कोणीही नव्हते. इन्व्हर्जन कोणते हे, सर्व वाद्ये मिळून जो सर्वांत खालचा स्वर ऐकू येतो त्यावर ठरते. गिटारच्या शेपमधील सर्वांत खालच्या तारेवर ते ठरत नाही. बेस गिटार किंवा पेटी ए वाजवत असेल, तर मी ५-५-५-५ वाजवली काय किंवा १०-१२-१०-१२ वाजवली काय, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने कॉर्ड मूळ स्थितीतच असते. मी फक्त तिची वरची मांडणी बदललेली असते. हे पहिल्याच आठवड्यात सांगण्याजोगे आहे, आणि ते न सांगितल्यामुळे आमच्यापैकी अनेकजण दोन महिने या समजात होते की शेप बदलला म्हणजे इन्व्हर्जन बदलले.

मी त्या शनिवारी घरी आल्यावर माझ्या भाचीला पेटीवर बसवले आणि तिला मंद्र सप्तकातील एकेक स्वर लांब धरायला सांगितला. मी सबंध वेळ ५-५-५-५ हाच एक शेप वाजवत होते. तिने ए धरला तेव्हा ती ओळखीची, किंचित उदास ए मायनर सेव्हन्थ होती. तिने सी धरल्याबरोबर तीच कॉर्ड हसरी झाली, कारण सी, ई, जी, ए या स्वरांच्या खाली सी आला की कान तिला सी सिक्स्थ म्हणून ऐकतो. ई धरला तेव्हा काहीतरी अधांतरी राहिल्यासारखे वाटले, आणि खालच्या जीवर तीच कॉर्ड पुढे कुठेतरी जायला निघाल्यासारखी ऐकू आली. एका बोटाचा एक शेप, त्याची मूळ स्थिती आणि तीन इन्व्हर्जने, दहा मिनिटांत. पेटी नसेल तर हे एकट्या गिटारवरही बरेचसे करता येते : पाचवी तार मोकळी सोडली तर ए मिळतो, सहावी मोकळी सोडली तर ई, आणि पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर पहिले बोट ठेवून अनामिकेने पाचवा फ्रेट आडवा दाबला तर सी. सोलापुरात गिटार घेऊन बसणाऱ्या माणसाच्या घरी, शेजारी किंवा देवघरालगतच्या कपाटावर एखादी पेटी बहुधा असतेच. तिचा असा उपयोग वर्गात का होत नाही, हे मला कळलेले नाही. ज्या परंपरेत तंबोरा षड्ज धरून ठेवतो आणि बाकीचे सगळे त्याच्या आधाराने बोलते, त्या परंपरेतील कानाला खालच्या स्वराचे महत्त्व समजावण्यासाठी नऊ आठवडे लागायला नकोत.

याच गोंधळातून छापील टिपणांतील एक चूक आली आहे. प्रत्येकाला बारा पानांची झेरॉक्स मिळते. तिच्यात ५-५-५-५ या शेपला ‘पहिले इन्व्हर्जन’ म्हटले आहे, कारण तो सी, ई, जी, ए या पहिल्या इन्व्हर्जनमधून, जी खाली आणून, तयार झाला. पण जी खाली आणल्यावर सर्वांत खालचा स्वर जी होतो, म्हणून तो तिसरे इन्व्हर्जन म्हणायला हवा. चारही शेपची नावे अशीच जन्मस्थानावरून दिली आहेत. मी हे सरांच्या लक्षात आणून दिले तेव्हा त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले आणि आम्हा सहाजणांच्या प्रतींवर स्वतः पेनाने दुरुस्ती केली. पुढच्या तुकडीसाठी नवी प्रत छापली जाईल अशी आशा आहे. तोपर्यंत जाणाऱ्यांनी नावे न पाहता आकडे पाहावेत, आकडे सगळे बरोबर आहेत.

इलेव्हन्थचा भाग चांगला झाला. मेजर कॉर्डमध्ये मध्यम घातला तर तो शुद्ध गंधाराशी अर्ध्या स्वराने भिडतो, पण मायनरमध्ये गंधार कोमल असल्याने मध्यम आणि तो यांच्यात पूर्ण स्वराचे अंतर राहते आणि दोघे सुखाने नांदतात, म्हणून इलेव्हन्थ ही मायनरची हक्काची शोभा आहे, हे स्पष्टीकरण मला फार पटले. ७-९-८-८ मधील ई दोन फ्रेट खाली आणून मिळणारी ७-७-८-८ ही तर माझी आवडती कॉर्ड झाली आहे. तिच्यात ए, डी, जी, सी असे चार स्वर एकावर एक चौथ्या-चौथ्या अंतराने चढत जातात, गिटारच्या जाड तारा जशा लावलेल्या असतात तसेच. खाली ए असेल तर ती ए मायनर इलेव्हन्थ, खाली डी आला तर तीच डी सेव्हन्थ सस फोर. पुन्हा निर्णय खालच्या स्वराचाच.

थर्टीन्थला मात्र शेवटचा अर्धा तास मिळाला आणि तो पुरेसा नव्हता. एफ शार्प आणि सी हे दोन स्वर एकत्र आले की कॉर्ड ए मायनर राहण्याऐवजी डी सेव्हन्थकडे झुकू लागते, कारण डी सेव्हन्थचा जीव याच दोन स्वरांच्या ताणात असतो. म्हणूनच मायनर सेव्हन्थवर शुद्ध धैवत जपून वापरतात. ही गोष्ट सरांनी एका वाक्यात सांगितली. दहाव्या शनिवारच्या मालिकेत नेमका हाच स्वर पहिल्या कॉर्डचे दुसरीत रूपांतर करत होता, तो धागा जोडून दाखवण्याची संधी होती, ती गेली. कोमल धैवत घेतला तर काय होते, हे पहिल्या दिवशीचे आश्वासन तर राहूनच गेले. ते मी घरी करून पाहिले : एफ हा स्वर पंचमाच्या, म्हणजे ईच्या, वर सप्तक आणि अर्ध्या स्वरावर बसतो, तेच टोचणारे अंतर पुन्हा तयार होते, आणि खाली एफ गेला तर कॉर्डचे नावच बदलून एफ मेजर सेव्हन्थकडे जाते. हे शोधताना मजा आली, पण शुल्क भरलेल्या विषयाचा हा भाग मला स्वतः शोधावा लागला, याची नोंद करणे भाग आहे.

वेळापत्रकाविषयीही थोडे सांगायला हवे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेमुळे दोन शनिवार सुटी होती; ती आधीच जाहीर केली होती आणि त्या गर्दीत गिटार घेऊन नवी पेठेत येण्याची कोणाची इच्छाही नव्हती. मात्र फेब्रुवारीतील एक वर्ग सुरू व्हायच्या पंधरा मिनिटे आधी संदेश पाठवून रद्द केला गेला, तेव्हा आमच्यापैकी दोघे अक्कलकोटहून निघून चुकले होते. त्या बदल्यातील वर्ग नंतर झाला. खोली रस्त्याच्या बाजूला असल्यामुळे खिडक्या उघड्या ठेवल्या की हॉर्न आणि बंद केल्या की उकाडा, यांपैकी एकाची निवड करावी लागते. मार्चमध्ये पंख्याखाली तारा इतक्या उतरत की दर वीस मिनिटांनी गिटार लावावी लागे, आणि २-४-१-३ सारख्या शेपमध्ये, जिथे दोन स्वर अर्ध्या स्वरावर टेकलेले असतात, तिथे तार किंचित उतरली तरी लपत नाही. बाराव्या फ्रेटपर्यंत सहज हात पोहोचेल अशी गिटार न्यावी. ज्यांच्या गिटारच्या तारा वरच्या फ्रेटवर फार उंच उठतात त्यांना १०-१२-१२-१२ दाबताना त्रास होतो, आणि माझे पहिले तीन आठवडे याच त्रासात गेले. शेवटी मी तारांची उंची कमी करून घेतली.

ज्यांना आडवी पकड नीट येत नाही किंवा साध्या मायनर कॉर्ड बदलताना अजून थांबावे लागते, त्यांनी या शनिवारच्या तुकडीत घाई करून जाऊ नये. सर प्रवेशाच्या वेळी वाजवून पाहतात आणि स्पष्ट नकार देतात, त्यामुळे वाईटही वाटू शकते. ज्यांना पाच-सहा वर्षांचा हात आहे, जे गायकाच्या साथीला बसतात आणि ज्यांना आपण वाजवतो ते का चांगले किंवा वाईट लागते हे जाणून घ्यायचे आहे, त्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की त्यांनी जावे, मात्र पहिल्या दिवसापासून घरी खालचा स्वर धरणारे कोणीतरी सोबत घेऊन सराव करावा. माझ्या शिक्षिका मैत्रिणीबरोबर मी गेल्या महिन्यात तेच भावगीत पुन्हा वाजवले. कोमल गंधाराच्या ठहरावावर मी ७-९-८-८ धरली, त्या थांबल्या, आणि या वेळी त्यांनी वळून पाहिले नाही.

थर्टीन्थचा वर्ग अपुरा राहिल्याचे मी सरांना सांगितले आहे. पुढच्या तुकडीच्या त्या शनिवारी जुन्या विद्यार्थ्यांनी येऊन बसायला हरकत नाही, त्यासाठी वेगळे शुल्क नाही, असे त्यांनी कळवले आणि येताना ती पेटी घेऊन या, असेही सुचवले.